लाल फडक्यातली वही

१

झुलाल नानांनी लाल फडक्याची गाठ सोडली आणि त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला.

"ही मनी वही नही शे," ते अहिराणीत म्हणाले. वही त्यांची नव्हती.

समोरच्या खाटेवर नशिराबादचा भूपेंद्र महाजन आणि त्याची लेक मयुरी बसले होते. भूपेंद्र केळीचा टेम्पो चालवतो, आणि ऐन हंगामात टेम्पो उभा करून तो जळगावात, पिंप्राळ्याच्या या गल्लीत आला होता, म्हणजे काम तसंच अडलेलं होतं. सोमवारची दुपार होती. सकाळीच सगळी गल्ली वाजतगाजत कानबाई देवीला विसर्जनासाठी मेहरूण तलावावर पोचवून आली होती. नानांच्या ओट्यावरचा गुलाल अजून कुणी झाडला नव्हता.

"नाना, नीट पाहा ना," भूपेंद्र म्हणाला. "उद्या पाच वाजता फॉर्म बंद होतोय."

नानांनी नीट पाहिलं. वही तेवढीच जाड, तेवढीच लांब, पण आत नुसते छापील रकाने, आणि ते सगळे कोरे. त्यांचा चेहरा असा उतरला की मयुरी स्वतःची काळजी विसरली आणि पाणी आणायला आत पळाली.

नानांची वही म्हणजे काय चीज होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुण्यापलीकडे विज्ञानाचं एक विद्यापीठ आहे. देशभरची पोरं तिथल्या प्रवेशपरीक्षेला बसतात आणि मूठभर आत जातात. कटऑफ ते कधीच सांगत नाहीत. मग आपलं होईल की नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी अख्ख्या जळगावात एकच ठिकाण होतं. निवृत्त गणित शिक्षक झुलाल नाना पाटील. सत्तावीस वर्षांत इकडून ज्या ज्या पोराने तिथे अर्ज केला, त्याचं नाव, वर्ष, मार्क, अंदाज आणि निकाल नानांच्या वहीत होता. नाना वही उघडायचे, बोट फिरवायचे आणि आकडा सांगायचे, "शंभरात ऐंशी." किंवा, "नको रे भाऊ." आणि नानांचा आकडा आजवर चुकला नव्हता.

मयुरीला दोनशे चाळीसपैकी एकशे एकोणपन्नास होते. जळगावच्या कॉलेजात तिची सीट लागली होती. पण विद्यापीठाचा अर्ज भरायचा तर दुसरीकडे प्रवेश घेतलेला नाही असं लिहून द्यावं लागत होतं, म्हणजे हातची सीट सोडायची. पुढच्या फेरीत मग जे उरेल ते. भूपेंद्रने लेकीला सरळ सांगितलं होतं, "नाना हो म्हटले तर भर. नाही म्हटले तर विषय संपला."

आता नानांकडे म्हणायला काही उरलंच नव्हतं.

नानांनी खिडकीतून शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "सुनंदाबाई! जरा इकडे या. माझी वही चोरीला गेली."

२

सुनंदाबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. एकतीस वर्षं त्या कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीत बसल्या होत्या. खोटा दाखला त्या हातात घेतल्या घेतल्या ओळखायच्या, आणि खोटं बोलणारा पालक तर खिडकीपाशी यायच्या आधीच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी डोळ्यांची ती खोड काही गेली नव्हती.

"चोरी कसली, मीच घोटाळा केला असेल," नाना आता म्हणत होते. "ही टाचण वही आहे बघा. शाळेत रोज लिहायचो, उद्या काय शिकवणार त्याची. घरात जुन्या कोऱ्या पडल्या असतील. म्हातारा झालो, दुसरं काय!"

अक्कांनी वही उघडली. पानावर छापील रकाने होते, घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती. त्यांनी ते वाचलं, वही मिटली आणि पदराखाली धरली.

"नाना, तुम्ही रिटायर कधी झालात?"

"बारा साली. का?"

"सहज. तुमची वही शेवटची कधी पाहिली?"

"काल दिवे लागताना. कानबाईपुढे ठेवून तिला कुंकू लावलं, फडक्यात बांधली आणि बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. देवीला पोचवेपर्यंत मी ती सोडत नाही. नंतर रोटांच्या पंगतीला आत गेलो."

"आणि पंगतीनंतर?"

"नंतर बाया गाणी म्हणायला बसल्या की त्या खोलीत! फळीखाली सतरंजी, सतरंजीवर बाया. माशीला शिरायला जागा नव्हती."

अक्का मनात म्हणाल्या, म्हणजे पंगत चालू असतानाच.

कानबाईचे रोट म्हणजे घरातल्या पुरुषागणिक मोजून घेतलेल्या धान्याच्या, प्रसादाच्या जाड पोळ्या. नानांच्या घरची रीत कडक. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, आणि पंगतीत बसलेल्याने ताटावरून मध्ये उठायचं नाही. नानांचा मुलगा, सून, पारोळ्याहून आलेले चुलते, सगळे आतल्या खोलीत मांडी घालून बसलेले. ज्यांना रोट चालत नाहीत त्यांना बाहेर खीर-पुरी आणि गंगाफळाची भाजी. आतला एकही माणूस त्या अर्ध्या तासात बाहेर आला नव्हता.

बाहेर किती जण होते? अक्कांनी बोटांवर मोजलं. भूपेंद्र, मयुरी, प्रेमराज सर, आणि धुळ्याहून आलेली नानांची लेक सपना. लग्न झालं की लेकीचं कूळ बदलतं, म्हणून तिलाही रोट नाहीत.

आणि पाचव्या त्या स्वतः. त्या मध्येच मठ्ठ्याचं पातेलं आणायला आपल्या घरी गेल्या होत्या. म्हणजे नेमकी पाहायची ती गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना स्वतःचाच राग आला.

३

प्रेमराज सरांचं ऑफिस स्टँडजवळ. बाहेर हसऱ्या पोरांचे फोटो आणि 'प्रवेश मार्गदर्शन' असा मोठा बोर्ड. कधीकाळी हा नानांचाच विद्यार्थी, आता नानांच्या वहीमुळे त्याच्याकडचं अर्धं गिऱ्हाईक फुकटात पिंप्राळ्याला जात होतं. संशय घ्यायला माणूस अगदी आयता होता.

"अक्का, तुम्ही माझ्यावर संशय घेता?" प्रेमराज दुखावल्यासारखा म्हणाला, आणि मग हसायला लागला. "अहो, मला वही चोरायची गरजच काय?"

त्याने मोबाईल पुढे केला. वहीचं पान न पान त्यात होतं. गेल्या दिवाळीत नानांनी त्याला वही झेरॉक्स करून आणायला दिली होती, तेव्हा त्याने फोटो काढून घेतले होते.

"नानांना सांगू नका हं," तो ओशाळून म्हणाला. "आणि खरं सांगू? मयुरीचं अवघड आहे. या वहीत आत गेलेल्यांमध्ये सगळ्यात कमी मार्क एकशे एकसष्ट आहेत. काल खीर खाताना मी तिला तोंडावर सांगितलं, शंभरात पाच. बिचारीचा घास हातात राहिला."

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"सगळे म्हणजे आम्ही चौघंच होतो. भूपेंद्र म्हणाला, तुमचं राहू द्या सर, आम्ही नानांना विचारू."

अक्कांनी त्याच्याकडून फोटो मागून घेतले. जाता जाता म्हणाल्या, "शंभरात पाच म्हणजे पाच तरी आहेत ना रे? एवढं हसून सांगायला काय झालं?"

परत आल्या तेव्हा भूपेंद्र नानांच्या ओट्यावरच बसला होता, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत.

"अक्का, तुम्हाला म्हणून सांगतो," तो हळूच म्हणाला. "नाना नाही म्हटले असते तर बरंच होतं. तिची माय गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जळगावला राहिली तर संध्याकाळी घरी तरी येईल. पण मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? पोर आठ वर्षं एकाच विद्यापीठाचं नाव घेते."

त्याचे डोळे भरून आले. अक्कांनी दुसरीकडे पाहिलं, म्हणजे त्याला पुसता यावेत.

मयुरी विहिरीपाशी एकटी उभी होती. "मी नाही घेतली," ती आधीच म्हणाली.

"मी विचारलं का?"

"सगळे तसंच बघतात. अक्का, मला तर वही हवी होती. प्रेमराज सर काहीही म्हणोत, नाना मला हो म्हणतील असं वाटत होतं." तिने नाक पुसलं. "आता कोणीच काही म्हणणार नाही. बाबा उद्या सकाळी जळगावची सीट पक्की करणार आहेत."

सकाळी म्हणजे काही तासांनी. अक्कांनी तिथल्या तिथे भूपेंद्रला गाठलं. "सीट उद्या पाचपर्यंत कधीही पक्की करता येते ना? मग चारपर्यंत थांब. चारला मी तुला वही आणून देते."

बोलून गेल्या खऱ्या. वही कुठे आहे ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

४

संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. पुढे चहा, हातात पेन्सिल, मोबाईलवर नानांच्या वहीचे फोटो. चहा पार गार झाला.

पहिल्यापासून सगळे एकच गृहीत धरून चालले होते, की मयुरीचं वाईट व्हावं म्हणून कुणीतरी वही पळवली. पण वही जागेवर असती तर काय झालं असतं? नानांनी बोट फिरवलं असतं, एकशे एकसष्टवर थांबवलं असतं आणि म्हटलं असतं, "नको गं बाई." संपलं. ज्याला मयुरी जळगावात राहायला हवी होती, त्याने वहीला हातसुद्धा लावला नसता!

अहो, हा चोर मयुरीचा वैरी नव्हताच. त्याला नानांचा नकार थांबवायचा होता.

मग भूपेंद्र सुटला, त्याला तर नकारच हवा होता. मयुरी सुटली, तिला नाना हो म्हणतील अशी आशा होती. प्रेमराजने नकार आदल्या दिवशीच सांगून टाकला होता. आता उरलं कोण?

अक्कांनी टाचण वही पुन्हा उघडली. अध्ययन निष्पत्ती. नाना शाळेत होते तेव्हा टाचणात हा रकानाच नव्हता. तिथे उद्दिष्टे असायची. हा शब्द नाना निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षांनी शाळांमध्ये आला. म्हणजे वही नवी, आणि आज शिकवत असलेल्या माणसाच्या पिशवीतली.

काल बाहेरच्या खोलीत असं एकच माणूस होतं. आणि ते सोमवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला, आपल्या शाळेत, निघून गेलं होतं.

अक्कांना सपना परकर-पोलक्यातली आठवली. मग एकदम तीन सालची सपना आठवली, त्यांच्याच खिडकीपुढे उभी, डोळे सुजलेले. फॉर्मवर 'पसंती क्रमांक एक' ही ओळ तिने कोरी सोडली होती. मागे रांग होती, अक्का घाईत होत्या. "काय गं, एवढंही लिहिता येत नाही?" असं म्हणून त्यांनीच निळ्या पेनाने जळगावच्या कॉलेजचं नाव घातलं होतं.

तेवीस वर्षांत त्यांना ही गोष्ट एकदाही आठवली नव्हती.

५

मंगळवारी सकाळी साडेसहाची धुळे गाडी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, अक्का पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. धुळ्यात देवपूरच्या शाळेत पोचल्या तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. सपना वर्गाकडे निघालेली. अक्कांना पाहून ती जागच्या जागी थबकली.

अक्कांनी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली.

"हे घे, तुझी टाचण वही. कालचं टाचण लिहायचं राहिलं असेल ना?"

सपना आधी हसली आणि मग रडायलाच लागली. "कालच बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "बाकीचे हात धुवायला विहिरीवर गेले, तेवढ्यात बदलली. पिशवीत तेवढीच एक जाड वही होती, अक्का. दुसरं काही सुचलंच नाही."

मैदानाच्या कडेला कडुनिंबाच्या पारावर दोघी बसल्या.

"मला तेव्हा एकशे चौपन्न होते," सपना म्हणाली. "नानांनी वही उघडून दाखवली. म्हणाले, बेटा, एकशे एकसष्टच्या खाली आपण कुणाला पाठवलंच नाही. नको. मी अर्ज भरला नाही. मला इथे काही कमी नाही हो, शाळा आहे, पोरं आहेत, नवरा चांगला आहे. पण गेल्या हिवाळ्यात नाशिकला ट्रेनिंगमध्ये शेजारी एक बाई बसली. त्याच साली त्या विद्यापीठात गेलेली. मी सहज मार्क विचारले. एकशे सत्तेचाळीस!"

अक्कांनी पिशवी पारावर ठेवली.

"तेव्हापासून मी त्या वहीचा विचार करते आहे. तेवीस नावं. एकवीस झाले, दोन नाही झाले. लोक म्हणतात, नाना चुकत नाहीत. अहो, चुकणार कसे? ज्यांना ते नको म्हणाले त्यांनी अर्जच केला नाही. त्यांची नावं वहीत आहेतच कुठे? एकशे एकसष्ट हा विद्यापीठाचा आकडा नाही, अक्का. तो नानांचा आकडा आहे."

"एका बाईच्या मार्कांवरून काय ठरतं गं?"

"काहीच ठरत नाही. मी तेच म्हणते आहे. आपल्याला काही माहीतच नाही, आणि आपण पोरांना नको म्हणून सांगतो. परवा ती मयुरी पुरी हातात धरून बसलेली पाहिली आणि मला राहवेना."

"मग बापाला सरळ सांगायचं होतंस."

"नानांना?" सपनाने डोळे पुसले. "त्यांनी जन्मभर एवढंच एक जपलं. त्यांना कसं सांगू, की तुमच्या वहीने तुमच्याच लेकीला घरी बसवलं?"

अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तो फॉर्म मी भरला होता गं. निळ्या पेनाने."

"मला माहीत आहे. तुमचं अक्षर फार छान आहे."

तेवढं ऐकून अक्कांच्याही डोळ्यांना पाणी आलं. मग त्या पदर खोचून उठल्या. "चल, अर्ध्या दिवसाची रजा टाक. मी चारचा शब्द दिलाय. तुझं तू सांगायचं, मी मध्ये बोलणार नाही."

६

पारोळ्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली आणि अक्कांचा जीव टांगणीला लागला. पिंप्राळ्यात पोचल्या तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भूपेंद्र ओट्यावरून उठून चपला घालत होता.

"बस खाली," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "वही आली."

सपनाने लाल फडक्यासाठी हात पुढे केला नाही. तिने वही सरळ नानांच्या मांडीवर ठेवली. "मी घेतली होती, नाना. शेवटचं पान वाचा."

नानांनी चष्मा लावला. शेवटच्या पानावर सपनाने दोन रात्री आठवून आठवून नावं लिहिली होती. गल्लीतली, शाळेतली, पाचोऱ्याची, वरणगावची. अठरा नावं. पुढे वर्ष, पुढे मार्क, आणि निकालाच्या रकान्यात प्रत्येकापुढे एकच ओळ, 'अर्ज केला नाही. नाना नको म्हणाले.' सगळ्यात वर लिहिलं होतं, सपना झुलाल पाटील, २००३, १५४.

सपनाने नाशिकच्या बाईचंही सांगितलं. नाना गणिताचे मास्तर. त्यांना चूक कुठे आहे ते लेकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. त्यांचं बोट मात्र पहिल्या नावावरून हलेना.

"तू मला तेव्हा बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वही उघडून दाखवली होती ना. मी काय बोलणार?"

"रडली होतीस?"

"थोडी."

नानांनी मान खाली घातली. म्हातारा हमसून रडेल की काय असं अक्कांना वाटलं. भूपेंद्र चुळबुळला. "नाना, माफ करा, पण साडेचार होताहेत. काय तो आकडा सांगा. पोरीचं काय करू?"

नानांनी पेन घेतलं. अठरा नावांच्या खाली एकोणिसावं लिहिलं, मयुरी भूपेंद्र महाजन, १४९. पुढचा रकाना अंदाजाचा. तिथे पेन टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. मग त्यांनी सत्तावीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं, 'माहीत नाही.'

"हे काय, नाना?"

"खरं ते लिहिलं, भूपेंद्र. सीट सुटायची भीती खरी आहे, ती मी लपवत नाही. पण तिचं होणार नाही, हे मला ठाऊक नाही. कधीच नव्हतं."

भूपेंद्र लेकीकडे पाहत राहिला. किल्ली बोटात फिरायची थांबली. "मग तूच सांग, मयुरी. तुझा बाप काही म्हणत नाही."

मयुरी पांढरीफटक पडली होती, पण आवाज कापला नाही. "बाबा, मी भरते. नाही झालं तर जे उरेल ते शिकेन. पण नानांच्या वहीत माझ्यापुढे 'अर्ज केला नाही' असं नको."

"भर मग," भूपेंद्र म्हणाला, आणि त्याने किल्ली खिशात टाकली. "संध्याकाळी मी एकटा जेवेन, त्यात काय. आख्ख्या दुनियेची पोरं जातात."

प्रेमराजला फोन गेला. तो स्वतः लॅपटॉप घेऊन स्कूटरवर आला आणि खाटेवर बसून त्याने अर्ज उघडला. चार पंचावन्नला पोच आली. मयुरीने ती तीनदा वाचली, मग बापाच्या गळ्यात पडली.

भूपेंद्र, मयुरी आणि प्रेमराज गेल्यावर नाना आत गेले आणि ताटली घेऊन बाहेर आले. ताटलीत कानबाईचा रोट होता. पुनवेपर्यंत घरात पुरवून खायचे असतात ते. त्यांनी अर्धा मोडला आणि सपनापुढे धरला.

सून दारातून घाईने म्हणाली, "नाना, अहो, लेकीला रोट चालत नाहीत!"

"कुणी खाऊन पाहिलाय का आजवर?" नाना म्हणाले.

"नाही."

"मग चालत नाही हे तुला कसं माहीत? घे, बेटा."

सपनाने रोट घेतला. गव्हा-हरभऱ्याचा, दोन दिवसांचा, जरा कडकच झालेला. तिने पहिला घास खाल्ला, आणि उरलेल्यातला तुकडा मोडून शेजारी बसलेल्या अक्कांच्या हातावर ठेवला.